जुन्या रुबिडियम फ्रिक्वेन्सी स्टँडर्डची तपासणी आणि डागडुजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल नेटवर्कच्या बेस स्टेशनमधून आणि इतर दूरसंचार यंत्रणांमधून काढलेले रुबिडियमचे डबे (अणूच्या आधाराने अचूक फ्रिक्वेन्सी देणारी यंत्रं) हौशी मंडळींच्या आणि छोट्या प्रयोगशाळांच्या टेबलांवर येऊन पडतात. बहुतेकांनी वर्षानुवर्षं अखंड नोकरी केलेली असते, नंतर कुठल्या तरी गोदामात धूळ खाल्लेली असते. खालची उत्तरं मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंगची सवय असलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. घाईत असाल तर "लॉक होत नाही" हा प्रश्न आधी वाचा. डबा उघडण्याची घाई मात्र करू नका.

डब्याच्या आत नेमकं काय चालतं?

आत एक साधा क्रिस्टल ऑसिलेटर असतो आणि बाहेर येणारे १० मेगाहर्ट्झ त्याचेच असतात. रुबिडियमचं काम फक्त त्या क्रिस्टलवर नजर ठेवण्याचं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की अर्धी दुरुस्ती सोपी होते.

नजर ठेवण्याची पद्धत अशी. काचेच्या छोट्या बल्बमध्ये रुबिडियम-८७ आणि थोडा क्रिप्टॉन किंवा झेनॉन वायू असतो. बल्बभोवतीच्या गुंडाळीतून रेडिओ फ्रिक्वेन्सीची ऊर्जा दिली की तो पेटतो. हा दिवा. त्याचा प्रकाश रुबिडियम-८५ च्या वाफेतून गाळला जातो आणि मग रुबिडियम-८७ ची वाफ असलेल्या दुसऱ्या काचकुपीतून जाऊन फोटोसेलवर पडतो. बऱ्याच लहान नमुन्यांत गाळणी आणि कुपी एकच असते. प्रकाशामुळे कुपीतले अणू दोन जवळच्या ऊर्जापातळ्यांपैकी वरच्या पातळीत गोळा होतात, प्रकाश शोषायला कोणी उरत नाही आणि कुपी पारदर्शक होते. आता क्रिस्टलपासून गुणाकाराने तयार केलेला मायक्रोवेव्ह सिग्नल कुपीत सोडायचा. त्याची फ्रिक्वेन्सी ६.८३४६८ गिगाहर्ट्झच्या आसपास नेमकी बसली, की अणू खालच्या पातळीत परततात, पुन्हा प्रकाश शोषू लागतात आणि फोटोसेलवरचा उजेड किंचित कमी होतो. हा फरक अगदी थोडा असतो, एकूण उजेडाच्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तेवढ्याच्या जोरावर सर्वो सर्किट क्रिस्टलला जागेवर धरून ठेवतं. यालाच लॉक म्हणतात.

प्रकाशाने अणू असे एका पातळीत गोळा करण्याच्या तंत्राचं श्रेय आल्फ्रेड कास्टलर यांचं. त्यांना १९६६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

अणूच जर पहारा देत असेल, तर हे यंत्र पुन्हा जुळवावं का लागतं?

कारण कुपीतला अणू मोकळा नसतो. अणू भिंतीवर लगेच आपटू नयेत म्हणून कुपीत निष्क्रिय वायू भरलेला असतो आणि त्याच्या टकरींमुळे फ्रिक्वेन्सी सरकते. किती सरकते ते वायूचं मिश्रण, दाब आणि तापमान यांवर ठरतं, म्हणून प्रत्येक कुपीचा आकडा थोडा वेगळा. मोकळ्या रुबिडियम-८७ चा आकडा ६,८३,४६,८२,६१०.९ हर्ट्झ आहे. तुमच्या डब्यातल्या कुपीचा तोच असेल असं नाही. दिव्याच्या उजेडाची तीव्रता बदलली तरी आकडा हलतो. म्हणूनच सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमवर आधारलेली आहे (९,१९,२६,३१,७७० कंपनं) आणि रुबिडियमला दुय्यम मानकाचं स्थान आहे. बाहेरच्या कोणाशी तरी ताडून घेतल्याशिवाय त्याच्या अचूकतेबद्दल बोलता येत नाही.

वय वाढतं तसं आणखीही बरंच घडतं. हवेतला हेलियम काचेतून हळूहळू आत झिरपतो, दिव्यातलं रुबिडियम काचेत मुरतं, हीटरचे थर्मिस्टर (तापमान मोजणारे भाग) सरकतात.

"उणे अकरा", "उणे बारा" म्हणजे किती?

फ्रिक्वेन्सीतली चूक मूळ आकड्याच्या तुलनेत सांगतात. उणे दहा (दहाचा उणे दहावा घात) म्हणजे हजार कोटीत एक भाग, उणे अकरा म्हणजे दहा हजार कोटीत एक आणि उणे बारा म्हणजे लाख कोटीत एक. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर उणे अकराची चूक दिवसाला ०.८६ मायक्रोसेकंदाचा फरक पाडते आणि उणे बाराची सुमारे ८६ नॅनोसेकंदांचा. चांगल्या दूरसंचार डब्याचं सरकणं महिन्याला काही उणे अकरा इतकं असतं. पुढे हेच शब्द वापरले आहेत.

रुबिडियम किरणोत्सारी आहे ना? घरात ठेवावं का?

रुबिडियम-८७ किरणोत्सारी आहे, पण त्याचं अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षांचं आहे आणि निसर्गात सापडणाऱ्या रुबिडियमपैकी जवळजवळ २८ टक्के तेच असतं. बल्बमध्ये ते अत्यल्प असतं. धातू म्हणून ते पाण्याशी जोरात क्रिया करतं, तरी एवढ्याशा प्रमाणातून भडका उडत नाही. बल्ब फुटला तर काचेची काळजी घ्या. खरा धोका भाजण्याचा: दिव्याचा भाग शंभर अंश सेल्सिअसच्या वर चालतो.

जुना डबा हातात आला. वीज देण्याआधी काय बघायचं?

पहिली गोष्ट, लेबल. फक्त मॉडेलचं नाव वाचून थांबू नका, पर्यायाचा क्रमांकही वाचा. फ्रिक्वेन्सी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या एफई-५६८०ए याच नावाखाली वेगवेगळ्या पिनजोडण्यांचे डबे निघाले. काहींना १५ व्होल्टबरोबर वेगळे ५ व्होल्ट लागतात, काहींची फ्रिक्वेन्सी संगणकावरून बदलता येते, काहींची नाही. त्याच कंपनीच्या ५६५०ए चे काही पर्याय १० मेगाहर्ट्झ देतच नाहीत, ८.३८८६०८ मेगाहर्ट्झ देतात आणि लोक तो डबा बिघडलेला समजतात. एलपीआरओ-१०१ हा दुसरा प्रचलित डबा त्या मानाने सरळ: १९ ते ३२ व्होल्ट चालतात, २४ नेहमीचे.

दुसरी, पॉवर सप्लाय. तापताना हे डबे भरपूर प्रवाह ओढतात. एलपीआरओ २४ व्होल्टवर सुरुवातीला सुमारे १.७ अँपिअर घेतो आणि तापल्यावर अर्ध्या अँपिअरच्या आसपास येतो. सप्लायची प्रवाहमर्यादा कमी ठेवली तर व्होल्टेज कोसळतं, हीटर अर्धवट तापतात आणि निरोगी डबा आजारी दिसतो.

तिसरी, हीटसिंक. डब्याचा बेसप्लेट जाड अ‍ॅल्युमिनियमवर घट्ट बसवा. पाच मिनिटांच्या चाचणीला काय हरकत आहे, असं म्हणून उघडा डबा टेबलावर चालवणारे बरेच असतात. पाच मिनिटांनी काही होत नाही हे खरं, पण चाचणी कधी पाच मिनिटांत संपत नाही.

चालू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय घडायला हवं?

प्रवाहाकडे लक्ष ठेवा, तोच सगळ्यात बोलका. सुरुवातीला चढा, काही मिनिटं तसाच, मग पायरीपायरीने खाली. दिव्याचा आणि कुपीचा हीटर बहुधा वेगवेगळ्या वेळी आपापल्या तापमानाला पोचतात, त्यामुळे आलेखात दोन उतार दिसतात. प्रवाह सुरुवातीपासूनच कमी असेल तर एखादा हीटर उघडा पडलाय किंवा, काही जुन्या नमुन्यांत असतो तो, थर्मल फ्यूज गेलाय. प्रवाह कधीच उतरत नसेल तर एक तर हीटरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, नाहीतर बेसप्लेट इतका गार आहे की हीटर पोचूच शकत नाही.

यादरम्यान आउटपुट फ्रिक्वेन्सी मागेपुढे झुलत राहते. लॉक नसताना सर्वो क्रिस्टलला त्याच्या सगळ्या आवाक्यात फिरवून रुबिडियमची खूण, म्हणजे फोटोसेलवरचा उजेड कमी होण्याची ती जागा, शोधत असतो. खूण सापडली की झुलणं थांबतं आणि लॉकची पिन बदलते. एलपीआरओमध्ये ती लॉक झाल्यावर खाली जाते, एफई-५६८०एच्या प्रचलित नमुन्यांतही तसंच. पिनवर एलईडी लावून तो उलटा अर्थ सांगतोय म्हणून घाबरण्याआधी पुस्तिका बघा.

लॉक होत नाही. दोष कुठे शोधायचा?

इथे बहुतेकजण थेट दिव्यावर संशय घेतात. माझं मत असं की दिव्याचा नंबर शेवटी लावावा. कारण त्याला हात लावणं सगळ्यात जोखमीचं आणि क्रिस्टल तपासणं सगळ्यात सोपं.

आउटपुटला फ्रिक्वेन्सी काउंटर लावा आणि झुलण्याची दोन्ही टोकं लिहून घ्या. काउंटरचा स्वतःचा टाइमबेस जीपीएसवर बांधलेला असेल तर उत्तम, नसेल तर निदान तो किती चुकतो हे माहीत हवं. आता तीन शक्यता.

झुलणं १० मेगाहर्ट्झला ओलांडून जातच नाही, पूर्णपणे वर किंवा पूर्णपणे खाली राहतं: क्रिस्टल वयोमानाने सरकलाय. रुबिडियम जागेवर वाट बघतंय, क्रिस्टल तिथवर पोचत नाही. ही आनंदाची बातमी, कारण उपाय एका स्क्रूड्रायव्हरचा आहे.

झुलणं १० मेगाहर्ट्झ आरामात ओलांडतं, पण डबा तिथे थांबत नाही: खूणच मिळत नाहीये. दिवा पेटलाय का, पेटला असल्यास योग्य पद्धतीने पेटलाय का, कुपी तापलीय का, मायक्रोवेव्ह पोचतोय का, हे सगळं आता तपासायचं. फोटोसेलच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चाचणीबिंदू असेल तर ऑसिलोस्कोप लावून क्रिस्टल १० मेगाहर्ट्झवरून जातानाचा क्षण पकडा. मायक्रोवेव्हवर मुद्दाम दीडएकशे हर्ट्झच्या आसपासचं मॉड्युलेशन दिलेलं असतं. खुणेच्या बाजूला असताना फोटोसेलवर तीच फ्रिक्वेन्सी दिसते आणि नेमकं खुणेवर असताना तिची दुप्पट. ही दुप्पट फ्रिक्वेन्सी क्षणभर जरी चमकली, तरी समजा की दिवा, कुपी आणि मायक्रोवेव्ह हे तिन्ही काम करताहेत आणि दोष पुढच्या सर्किटात आहे.

तिसरी शक्यता, झुलणंच नाही, फ्रिक्वेन्सी एका टोकाला चिकटलेली. तिथे सर्वोचा ऑप-अँप, त्याचे पुरवठे आणि आतले रेग्युलेटर बघा.

क्रिस्टल सरकलाय हे कळलं. जुळवायचा कसा?

डब्याच्या आत क्रिस्टलजवळ एक छोटा ट्रिमर कपॅसिटर असतो. काही नमुन्यांत त्याच्यासाठी झाकणाला भोक ठेवलेलं असतं, काहींत झाकण काढावं लागतं. प्लॅस्टिकच्या ट्रिमिंग साधनाने अगदी थोडा फिरवा, झुलणं १० मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना सारखं पडेल असा. डबा पूर्ण तापलेला असताना हे करायचं आणि झाकण बसवल्यावर पुन्हा तपासायचं, कारण झाकणाने तापमान बदलतं.

लॉक झाल्यावर क्रिस्टलचं नियंत्रण-व्होल्टेज मोजा. एलपीआरओसारख्या डब्यांत त्यासाठी स्वतंत्र पिन आहे. ते आवाक्याच्या मध्याजवळ यायला हवं. एखाद्या टोकाला असेल तर आज लॉक होईल आणि थंडीच्या दिवसांत सुटेल. या ट्रिमरने अंतिम अचूकता मुळीच बदलत नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या. लॉक झाल्यावर १० मेगाहर्ट्झचा आकडा ट्रिमरने "बारीक" करायला बसलेली माणसं पाहिली आहेत. सर्वो तो फरक लगेच पुसून टाकतो.

दिव्याचं व्होल्टेज कमी आहे. दिवा संपला का?

लगेच तसं म्हणता येत नाही. ज्याला दिव्याचं व्होल्टेज म्हणतात ते बहुधा फोटोसेलवर पडणाऱ्या उजेडाचं माप असतं. एलपीआरओच्या बाबतीत ३ ते १४ व्होल्ट ही चालण्याजोगी मर्यादा धरतात. ३ च्या जवळ पोचलेला डबा चिंतेचा, ६-७ वर असलेला निवांत. एकदा मोजून काही कळत नाही. डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि व्होल्टेज लिहा, काही महिन्यांनी परत मोजा. घसरण दिसते ती अशी.

उजेड कमी होण्याची कारणं अनेक. दिव्याला ऊर्जा देणारा ट्रान्झिस्टर अशक्त झालेला असतो, त्याच्या सर्किटातले कपॅसिटर गेलेले असतात, दिव्याचा हीटर पुरेसा तापवत नसतो, कुपीच्या काचेवर रुबिडियमचा थर बसलेला असतो, किंवा खरोखरच दिव्यात मोकळं रुबिडियम फारसं उरलेलं नसतं. शेवटचं कारण वेळेबरोबर मंदावतं: काचेत मुरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि एकूण मुरलेलं रुबिडियम ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. त्यामुळे पंधरा वर्षं टिकलेला दिवा सोळाव्या वर्षीच जाईल असं काही नाही.

झाकण उघडं असेल तर दिव्याचा रंग बघा. पेटल्यापेटल्या तो फिकट निळसर-पांढरा असतो, कारण तेव्हा फक्त वायू चमकत असतो. तापून रुबिडियमची वाफ झाली की रंग जांभळट-गुलाबी होतो. कामाचा प्रकाश मात्र ७८० आणि ७९५ नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. रंग निळसर-पांढराच राहिला तर दिवा तापत नाहीये किंवा रुबिडियम संपत आलंय. पहिली शक्यता तपासल्याशिवाय दुसरीवर जाऊ नका.

हॉट एअरने दिवा तापवून जिवंत करतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे, आणि बरेचदा जमतं. पण कशामुळे जमतं ते समजून करा.

रुबिडियम ३९.३ अंशाला वितळतं. बल्बमध्ये ते नेहमी सगळ्यात गार जागी जाऊन साचतं. डबा बनवणाऱ्याने ही गार जागा मुद्दाम बल्बच्या शेपटीकडे ठेवलेली असते, म्हणजे प्रकाश बाहेर पडणारी बाजू स्वच्छ राहते. डबा चुकीच्या तापमानावर चालला, वारंवार चालू-बंद झाला किंवा उष्ण गोदामात पडून राहिला की रुबिडियम जागा सोडून पसरतं. समोरच्या काचेवर चंदेरी किंवा करडी झाक दिसू लागते. प्रकाश अडतो, कधी गुंडाळीतली ऊर्जाही धातूच्या थरातच खर्च होते आणि दिवा पेटत नाही. अशा वेळी बल्बची पुढची बाजू तापवायची आणि शेपटी गार ठेवायची, म्हणजे रुबिडियम आपल्या घरी परत जातं.

करायचं असं. वीज काढा, डबा पूर्ण निवू द्या. दिव्याचा भाग सुटा काढता येत असेल तर काढा. एलपीआरओमध्ये तो त्या मानाने सहज निघतो. बल्बला बोट लावू नका, बोटांचे डाग तापलेल्या काचेवर भाजून बसतात. प्रकाशाच्या बाजूवर हॉट एअरचा मंद झोत दुरून सोडा, हळूहळू जवळ आणा. शेपटीकडच्या धातूच्या बैठकीला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा टेकवून ठेवला तर ती बाजू गार राहते. झाक विरळ होत जाताना डोळ्यांना दिसते. पुढची बाजू स्वच्छ झाली की झोत दूर नेत हळूहळू थांबवा. गार होतानाही शेपटीच आधी गार व्हायला हवी, नाहीतर सगळी मेहनत वाया जाऊन रुबिडियम परत पुढे येऊन बसतं. बल्बजवळचे सोल्डरचे सांधे १८३ अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतात, तेव्हा काचेपेक्षा त्यांची चिंता जास्त करा. आणि गुंडाळीचे वेढे हलवू नका, तिची जुळणी बिघडली तर निरोगी बल्बही पेटणार नाही.

यातून व्होल्टेज दुपटीने वाढल्याची उदाहरणं आहेत, काहीच फरक न पडल्याचीही. काचेत मुरलेलं रुबिडियम मात्र कुठल्याही झोताने परत येत नाही. फक्त भटकलेलं परत आणता येतं. म्हणून हा उपाय बल्बवर थर दिसत असेल तरच करावा. स्वच्छ दिसणाऱ्या बल्बला "एकदा बघू तरी" म्हणून भाजण्यात अर्थ नाही.

दिवा ठीक, क्रिस्टल ठीक, तरी डबा रुसलेला. आणखी काय?

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आधी. वर्षानुवर्षं गरम खोक्यात राहिलेले कपॅसिटर सुकतात. मग हीटरच्या ट्रान्झिस्टरखालची सुकलेली थर्मल पेस्ट, तापून-निवून तडकलेले सोल्डरचे सांधे, आणि डी-कनेक्टरच्या सैल पिना. डबा गरम असताना सुटतो आणि गार असताना चालतो, किंवा उलट, तर सांध्यांवरच संशय घ्या. एचपी ५०६५ए सारख्या मोठ्या जुन्या यंत्रांत जागा भरपूर असते, सर्किटाची पुस्तिका सहज मिळते आणि दुरुस्ती करणं आनंदाचं काम असतं. नव्या छोट्या डब्यांत ती चैन नाही.

मऊ लोखंडी मिश्रधातूची आतली आवरणं चुंबकीय कवच म्हणून असतात. ती वाकवू नका, त्यांच्यावर ठोकू नका, त्यांत चुंबकाच्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर घालू नका.

लॉक झाला! आता १० मेगाहर्ट्झ बरोबर मानायचे ना?

नाही. लॉकच्या एलईडीचा अर्थ एवढाच की सर्वोला एक खूण सापडली आहे. ती खूण खऱ्या १० मेगाहर्ट्झपासून किती दूर आहे हे डबा स्वतः सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं न जुळवलेला डबा उणे दहा, कधी त्याहूनही जास्त, बाजूला असू शकतो आणि तरी लॉकची पिन समाधानी असते.

ताडून बघायला सगळ्यात सोपा सोबती म्हणजे जीपीएसवर बांधलेला ऑसिलेटर किंवा चांगल्या जीपीएस रिसीव्हरची सेकंदाची पल्स. एकेका पल्समध्ये काही दहा नॅनोसेकंदांचा थरथराट असतो, म्हणून घाई चालत नाही. १,००० सेकंदांवर १० नॅनोसेकंदांची अनिश्चितता म्हणजे उणे अकरा. तीच अनिश्चितता दिवसभराच्या मोजणीत जवळजवळ उणे तेरापर्यंत खाली येते. एक दिवस मोजा, जमल्यास आठवडा. बऱ्याच काळाने चालू केलेला डबा पहिले काही दिवस चांगलाच सरकतो, त्या दिवसांतला आकडा बघून काही जुळवू नका.

टाइम इंटर्व्हल काउंटर (दोन पल्समधला काळ मोजणारं यंत्र) नाही. ऑसिलोस्कोपवर भागेल का?

भागेल, आणि पहिल्या अंदाजाला तेच बरं. एका चॅनलवर संदर्भाचे १० मेगाहर्ट्झ, दुसऱ्यावर रुबिडियमचे, ट्रिगर संदर्भावर. दुसरी लहर सरकताना दिसेल. १० मेगाहर्ट्झचं एक आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं. पूर्ण एक आवर्तन सरकायला १,००० सेकंद लागले तर फरक उणे दहाचा, सुमारे पावणेतीन तास लागले तर उणे अकराचा. सरकण्याची दिशा नोंदवा, जुळवताना तीच उपयोगी पडते. मोबाइलने ठरावीक वेळाने पडद्याचे फोटो काढून ठेवले तर समोर बसून राहावं लागत नाही.

अ‍ॅलन डेव्हिएशनचा (वेगवेगळ्या कालावधींत फ्रिक्वेन्सी किती डगमगते त्याचा) आलेख काढावा का?

टीएपीआर या हौशी रेडिओ संस्थेचं टीआयसीसी किंवा तशा जातीचा टाइम इंटर्व्हल काउंटर आणि टाइमलॅबसारखी संगणक-प्रणाली हाताशी असेल तर जरूर काढा. निरोगी दूरसंचार डब्याचा आलेख १ सेकंदाला उणे अकराच्या एक-तीन पटीत सुरू होतो, वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे उतरतो आणि १०० सेकंदांपर्यंत उणे बाराच्या घरात येतो. पुढे कधीतरी तो सपाट होऊन वर वळतो. तिथे तापमान आणि वय बोलू लागतं.

एक सापळा आहे. १ नॅनोसेकंदाचा काउंटर १ सेकंदाला उणे नऊपेक्षा खालचं बघूच शकत नाही. आलेखाची डावी बाजू त्यामुळे डब्याची नसून काउंटरची असते. तो उतार वेळेच्या व्यस्त प्रमाणात (वेळ दहापट, आकडा दहावा भाग) असेल तर तुम्ही स्वतःचंच यंत्र मोजताय. काउंटरची मर्यादा उतरून गेल्यावरही आलेख अपेक्षेच्या बराच वर असेल, तर फोटोसेलवरचा सिग्नल अशक्त आहे, म्हणजे बहुधा दिवा. थकलेला दिवा लॉक सुटण्याच्या कितीतरी आधी इथे दिसतो.

फ्रिक्वेन्सी बारीक जुळवतात ती कशाने?

कुपीभोवतीच्या छोट्या चुंबकीय क्षेत्राने, त्याला सी-फील्ड म्हणतात. फ्रिक्वेन्सी या क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात, साधारण ५७५ हर्ट्झ प्रति गॉस वर्ग, आणि नेहमी वरच सरकते. एलपीआरओला त्यासाठी ० ते ५ व्होल्टची बाहेरची पिन आहे. पीआरएस१० या नमुन्यात सिरियल पोर्टवरून आज्ञा देऊन जुळवता येतं, शिवाय जीपीएसची पल्स थेट आत देऊन तो स्वतःच स्वतःला जुळवत राहतो.

क्षेत्र कमीत कमी केलं तरी फ्रिक्वेन्सी जास्तच राहिली, तर सी-फील्डचा आवाका संपला. तेव्हा तो फरक मोजून लिहून ठेवणं आणि हिशेबात धरणं हा शहाणपणाचा मार्ग. अंशतः ही चूक पृथ्वीच्या क्षेत्रामुळेही असू शकते. डबा ज्या स्थितीत वापरायचा त्याच स्थितीत जुळवा, ट्रान्सफॉर्मरपासून लांब.

कायम चालू ठेवावा की लागेल तेव्हा?

वादाचा विषय. चालू राहिला की दिवा वापरला जातो. बंद-चालू केला की तापण्या-निवण्याने सांधे थकतात, आणि शिवाय प्रत्येक वेळी फ्रिक्वेन्सी जुन्या जागी परतते ती काही उणे अकराच्या फरकाने. माझ्या मते कधीमधी काउंटर तपासायला लागणारा डबा बंद ठेवावा आणि वापरण्याआधी निदान तासभर तापू द्यावा. जीपीएसच्या सिग्नलवर डोळा ठेवून घड्याळ चालवणारा डबा कायम चालू. बेसप्लेट हाताला गरम लागावा, पण हात ठेवता यावा, इतपत. फार गार ठेवण्यासाठी पंखा लावू नका. हीटर जास्त राबतात आणि पंख्याच्या झोतातली चढउतार फ्रिक्वेन्सीत उतरते.

जीपीएसचा ऑसिलेटर आहेच. मग रुबिडियम कशाला?

अँटेना निघाली, वीज पडली, सिग्नल अडला, अशा वेळी चांगला क्रिस्टल काही तासांत भरकटतो. रुबिडियम दिवसभरात मायक्रोसेकंदाच्या आसपास राहतो. फेज नॉइज (लहरीतला क्षणोक्षणीचा बारीक थरथराट) महत्त्वाचा असेल तर मात्र केवळ रुबिडियम म्हणून खूश होऊ नका. छोट्या डब्यांतला क्रिस्टल साधाच असतो. मायक्रोवेव्ह गुणाकारासाठी चांगला ओव्हन क्रिस्टल (स्थिर तापमानाच्या कप्प्यात ठेवलेला) वापरून त्याला रुबिडियमच्या मागे बांधणं हे जुनं आणि चांगलं दुखणं-निवारण आहे.

विकत घेताना विक्रेत्याला काय विचारावं?

लॉक होतो का, एवढंच विचारू नका. दिव्याचं व्होल्टेज, लॉकमध्ये असतानाचं क्रिस्टलचं नियंत्रण-व्होल्टेज आणि गार अवस्थेपासून लॉक व्हायला लागलेली मिनिटं विचारा. हे तीन आकडे देणारा विक्रेता डबा खरंच चालवून बघतो. लेबलाचा स्पष्ट फोटो मागा.

कधी हात टेकायचे?

कुपीला तडा असेल, किंवा दिवा योग्य तापमानावर, योग्य ऊर्जेवर निळसर-पांढराच राहत असेल, तर त्या डब्याचं रुबिडियमचं आयुष्य संपलं. तरी फेकू नका. एकाच नमुन्याचे दोन मेलेले डबे असले तर एकाचा दिवा आणि दुसऱ्याची कुपी मिळून एक चालता डबा होऊ शकतो. त्यात दिव्याच्या गुंडाळीची जुळणी पुन्हा बघावी लागते आणि उजेड बदलल्यामुळे फ्रिक्वेन्सी नव्याने ताडावी लागते, आधीचा कागद त्याला लागू नाही. दुसरा डबा नसेल तर आतला क्रिस्टल ऑसिलेटर, थर्मिस्टर आणि चुंबकीय कवच वेगळं काढून ठेवा. कवच तर बाजारात सहजी मिळत नाही.